मैदानात उतरताना साखर किती?

३१ जानेवारी १९९९. चेन्नईच्या चेपॉकवर भारतापुढे २७१ धावांचं आव्हान. पाठदुखीने बेजार झालेला सचिन तेंडुलकर १३६ वर, विजय अवघ्या १७ धावांवर. सकलेन मुश्ताकला उचलून मारलेला चेंडू मिड-ऑफकडे उंच गेला आणि वसीम अक्रमने तो टिपला. उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि भारत १२ धावांनी हरला. त्या रात्री महाराष्ट्रात कित्येकांना जेवण गेलं नसेल. मात्र तो झेल घेणारा पाकिस्तानी कर्णधार १९९७ पासून टाइप वन मधुमेही होता आणि इन्सुलिनवर खेळत होता, हे आपल्याकडे तेव्हा फारसं कोणाच्या गावीही नव्हतं.

“तो झेल आठवतो ना, सर?” नववीतल्या मुलीची आई विचारते.

“आठवतो म्हणजे? त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही,” खो-खोचे प्रशिक्षक म्हणतात. “पण ताई, एका वसीम अक्रमच्या भरवशावर मी पोरींना बाहेरगावी नेत नाही.”

सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातलं शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणावं. दोघांची नावं इथे नकोत. अशी जोडी कुठल्याही तालुक्यात सापडेल. मुलीला अकराव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. आता ती जिल्ह्याच्या संघात निवडली गेली आहे आणि विभागीय स्पर्धा तीन दिवस दुसऱ्या जिल्ह्यात आहे. सरांचं म्हणणं सरळ आहे: सरावाला रोज यावं, शाळेच्या सामन्यात खुशाल खेळावं, पण मुक्कामाच्या स्पर्धेला नाव देणार नाही. आईचं म्हणणंही तितकंच सरळ: निवड खेळावर झाली असेल, तर नाव खेळावरच राहिलं पाहिजे.

टाइप वनबद्दल थोडं आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर “लहानपणी फार गोड खाल्लं असेल” हे वाक्य कुठून तरी येतंच. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. गोडाशी किंवा जाडीशी त्याचा संबंध नाही. इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढलं नसतं, तर आजचा हा वाद झालाच नसता. त्याआधी अशी मुलं फार दिवस जगत नसत.

आईकडे उदाहरणांची कमी नाही. अशा आयांकडे ती नसतेच. रात्री-अपरात्री मुलीची साखर तपासून झाली की झोप येईपर्यंत त्या हेच वाचत बसतात.

“नाचो फर्नांडिसचं ऐकलंत का सर? रेआल माद्रिदकडून खेळायचा. बारा वर्षांचा होता तेव्हा त्याला मधुमेह निघाला. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, फुटबॉल संपला. काही दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, खेळायलाच हवं. २०१८ च्या विश्वचषकात त्याने पोर्तुगालला जो गोल मारला तो बघा कधीतरी. आणि २०२४ च्या जूनमध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगचा करंडक कर्णधार म्हणून त्यानेच उचलला.”

“त्याला दुसरे डॉक्टर मिळाले,” सर म्हणतात. “आपल्याकडे तज्ज्ञ एकच, तेही मंगळवारी येतात.”

आई हसते, पण हार मानत नाही. गॅरी हॉल ज्युनियर, अमेरिकेचा जलतरणपटू. १९९९ मध्ये मधुमेहाचं निदान झालं, तेव्हा त्यालाही पोहणं संपल्याचं सांगण्यात आलं होतं. पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याला अँथनी अर्विनसोबत सुवर्ण मिळालं. दोघांची वेळ अगदी सारखी, २१.९८ सेकंद. २००४ मध्ये अथेन्सला २९ व्या वर्षी त्याच शर्यतीत त्याने पुन्हा सुवर्ण जिंकलं, या वेळी एकट्याने. ऑलिंपिकची एकूण दहा पदकं त्याच्या नावावर आहेत. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या वणव्यात त्याचं घर जळालं, तेव्हा दहाही पदकं आतच राहिली. बाहेर पडताना त्याने उचललं ते इन्सुलिन आणि कुत्रा. पदकांच्या प्रतिकृती ऑलिंपिक समितीने नंतर करून दिल्या.

“हे बघा, त्याने काय उचललं ते तुम्हीच सांगितलंत,” सर लगेच पकडतात. “जगातला एवढा मोठा पोहणारा, पण त्याचं लक्ष त्या औषधावरून हटत नाही. आणि त्याच्यामागे डॉ. अॅन पीटर्ससारख्या नावाजलेल्या तज्ज्ञ होत्या. माझ्यामागे कोण? मी सांगू का, आमची स्पर्धा कशी असते ते?”

आणि सर सांगू लागतात. पहाटे चारला टेम्पो ट्रॅव्हलर निघते. साडेआठला मैदानावर हजेरी, पण उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून पहिला सामना अकराला. दहाच्या सामन्याचा पुकारा साडेबाराला होतो. दोन संघांची तक्रार झाली, पंच बसले, आणखी तासभर गेला. जेवणाची कुपनं दोनला मिळतात आणि रांगेत उभं राहून ताट हातात येईपर्यंत तीन वाजतात. रात्रीचा मुक्काम एखाद्या शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून सतरंज्या अंथरलेल्या. सोळा मुली, एक बाई, एक मी. “तुमच्या पोरीला इन्सुलिन घेतल्यावर वेळेत खायला लागतं ना? ते टोचलं आणि सामना लांबला, तर टोचलेलं परत काढता येतं का?”

या सगळ्या वादातलं सगळ्यात खरं बोलणं हेच असावं. मधुमेही विजेत्यांच्या याद्या वाचून दाखवणाऱ्यांनी ते एकदा शांतपणे ऐकायला हवं. रेआल माद्रिदच्या खेळाडूला सामना किती वाजता सुरू होणार ते मिनिटासकट ठाऊक असतं. जिल्हा स्पर्धेतल्या मुलीला ते सकाळीसुद्धा ठाऊक नसतं. आणि सरांनी विचारलेला प्रश्न वैद्यकीयदृष्ट्याही नेमका आहे. निरोगी माणूस धावायला लागला की त्याचं स्वादुपिंड आपोआप इन्सुलिन कमी करतं. टाइप वनच्या खेळाडूच्या कातडीखाली गेलेला डोस मात्र आपलं काम करतच राहतो; त्याला सामना सुरू झालाय की पुढे ढकललाय, काही कळत नाही. त्यात पळणारे स्नायू स्वतःच रक्तातली साखर ओढून घेत असतात. दोन्ही बाजूंनी साखर उतरते.

“नाही काढता येत,” आई म्हणते. “म्हणून आधीच कमी घ्यायचं. खेळाच्या आधीच्या जेवणाला जे इन्सुलिन असतं ते डॉक्टर पाव ते पाऊण भागाने कमी करायला सांगतात, खेळ कसला आणि किती वेळ ते बघून. आणि पुकारा होईपर्यंत पोटभर जेवायचंच नाही, थोडं थोडं खायचं. हे तिला येतं, सर. तीन वर्षं करतेय.”

“मग खो-खोत साखर उतरते, एवढं मी धरून चालायचं?”

“तिथेच तर गंमत आहे.”

इथे आई वही काढते. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, वर मुलीचं नाव आणि कंसात ‘शुगर’. सरावाच्या दिवशी सुरुवातीला १५०, तासाभराने ९५. तालुक्याच्या अंतिम सामन्याच्या दिवशी मात्र काहीही न खाता सामन्याआधी २४०. पहिल्या पानापासून बघितलं तर हेच पुन्हा पुन्हा दिसतं: साध्या पळण्याने साखर उतरते, मोठ्या सामन्याआधी चढते. कारण घाबरलं की किंवा जीव खाऊन पळालं की शरीर अॅड्रेनलिन सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. खो-खोत दोन्ही एकत्र येतं. बचावाला तीन-तीनच्या तुकडीत उतरलेली मुलगी काही मिनिटं एकेक झेप, एकेक हुलकावणी अशी तोडून तोडून पळते. पाठलागाच्या पाळीत ती चौकोनात दबा धरून बसते आणि ‘खो’ मिळाला की बाणासारखी सुटते. असं थांबून थांबून जोरात पळणं साखरेला काही वेळ वर धरून ठेवतं. सलग तासभर धिम्या गतीने धावणाऱ्याची साखर त्यापेक्षा जास्त घसरते. म्हणजे मधुमेही मुलीसाठी खो-खो हा लांब पल्ल्याच्या धावण्यापेक्षा सामन्यापुरता तरी सोयीचा खेळ आहे, हे ऐकून सरांच्या भुवया वर जातात.

“मग २४० दिसल्यावर जास्तीचं इन्सुलिन द्यायचं ना?”

“तीच चूक मी पहिल्या वर्षी केली. सामना संपला, घाबरणं संपलं, की ती साखर आपोआप खाली येते. वरून इन्सुलिन दिलेलं असलं की रात्री धाडकन पडते. रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत असतात, सर. खरी भीती मैदानावर नाही, सतरंजीवर आहे. पहाटे दोन-तीनला.”

“म्हणजे मी रात्री दोनला उठून तिची साखर बघायची?”

“तुम्ही नाही. ती गजर लावते. पण गजर वाजला आणि ती उठली नाही, तर शेजारी झोपलेल्या मुलीला हलवून उठवायचं कळलं पाहिजे.”

सर गप्प होतात. हा मुद्दा त्यांच्या मनात नव्हता. त्यांची सगळी तयारी मैदानाची होती. आणि हाच मुद्दा खरं तर त्यांच्या बाजूचा आहे, पण तो आईने मांडला.

मग ते वेगळंच विचारतात. “तिची साखर उतरलेली मला बाहेरून कशी कळणार? घाम, थरथर, धडधड. सामन्यात सगळ्याच पोरींना होतं ते.”

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. साखर ७० च्या खाली गेली की शरीर इशारे देऊ लागतं, ५४ च्या खाली मेंदूचं काम अडखळायला लागतं. पण खेळताना हे इशारे दमण्यात मिसळून जातात. आई एक प्रसंग आठवून देते. दिवाळीनंतरच्या सरावात मुलीने ‘खो’ मिळाल्यावर उठून एका दिशेने पाऊल टाकलं आणि मग उलट वळली. असा फाउल ती एरवी करत नाही. सर सगळ्यांदेखत ओरडले होते, “झोपा काढतेस का गं?” मुलगी काहीतरी उर्मट बोलली, तीही तिची रीत नव्हे. बाजूला बसून बोट टोचलं तेव्हा मीटरवर ५८ होते.

“मला कोणी सांगितलं नाही,” सर म्हणतात.

“तिने सांगू दिलं नाही. म्हणाली, सरांना कळलं तर संघातून काढतील.”

लपवण्याचं हे प्रकरण तालुक्यापुरतं नाही. जर्मनीचा टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव याला बालपणापासून टाइप वन आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचं एकेरीचं सुवर्ण त्याने जिंकलं तेव्हाही जगाला हे माहीत नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मधुमेही मुलांसाठी संस्था काढताना त्याने ते उघड केलं. आणि उघड केल्यावर काय झालं? २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये कोर्टवर इन्सुलिन टोचून घ्यायला त्याला अधिकाऱ्यांनी मज्जाव केला. बाहेर जाऊन घ्या, म्हणाले, आणि ते स्वच्छतागृहाच्या विश्रांतीत मोजू. पाच सेटच्या सामन्यात अशा दोनच विश्रांती मिळतात. त्याला इन्सुलिन त्याहून जास्त वेळा लागू शकतं. बाहेरून ते विचित्र दिसतं, असंही कारण त्याच्या कानावर आलं. बराच गाजावाजा झाल्यावर कोर्टवरच घेण्याची मुभा मिळाली. ग्रँड स्लॅमच्या अधिकाऱ्यांची ही समज, तर आपल्या मैदानावर एखाद्या पंचाने मुलीच्या हातातलं इन्सुलिनचं पेन पाहून शिट्टी वाजवली तर त्याला दोष कसा द्यावा?

“अहो, पण ते डोपिंगमध्ये येत नाही ना?” सर मध्येच विचारतात, जरा चाचरत.

येतं. आईला हे सांगताना अवघडल्यासारखं होतं, पण ती सांगते. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत इन्सुलिन आहे, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. मधुमेही खेळाडूला त्यासाठी वैद्यकीय वापराची सूट घ्यावी लागते. डॉक्टरांचे कागद जोडून अर्ज करायचा असतो आणि आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंसाठी तो ‘नाडा’कडे जातो. निदान पक्कं असेल तर ही सूट मिळते. शाळेच्या स्पर्धेत कोणी नमुना घ्यायला येत नाही, पण मुलगी उद्या खेलो इंडियाला किंवा राष्ट्रीय स्पर्धेला गेली आणि कागद नसले, तर जे औषध नसेल तर ती जगणार नाही त्यापायीच बंदी ओढवायची. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. तेव्हापासून या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर काय लिहिलेलं असतं ते सरांनाही ठाऊक आहे.

“म्हणजे आणखी एक कागद,” सर पुटपुटतात.

खर्चाची गोष्ट आई स्वतःहून काढते, आणि इथे तिचा आवाज पहिल्यांदा खाली येतो. दंडावर लावायचा सेन्सर बोट न टोचता दिवसरात्र आकडा दाखवतो, पण तो चौदा दिवसांनी बदलायचा आणि एकेकाला काही हजार रुपये. घरात तो फक्त स्पर्धेच्या महिन्यात येतो. एरवी पट्टी, सुई, बोट. शिवाय खांबावर झेप घेताना सेन्सर घासून निघतो म्हणून वरून चिकटपट्टी लावावी लागते, आणि पळताना त्याचा आकडा रक्तातल्या खऱ्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट किंवा छत्रपती संभाजीनगरची ‘उडान’ यांसारख्या संस्था गरजू मुलांना इन्सुलिन आणि मार्गदर्शन देतात, पण महाराष्ट्र केवढा आणि संस्था किती. ज्या घरात रोज चार पट्ट्या परवडत नाहीत, तिथल्या मुलीला “वसीम अक्रम खेळला, तूही खेळ” असं म्हणणं म्हणजे नुसती फुंकर घालणं आहे. या ठिकाणी सर आणि आई यांच्यात मतभेद नाही.

पण सरांचा मूळ आक्षेप अजून जागेवरच आहे. “ताई, मी डॉक्टर नाही. काही झालं तर गाव मला विचारेल.”

त्यावर आई बॉबी क्लार्कचं नाव काढते. कॅनडातल्या फ्लिन फ्लॉन नावाच्या लहानशा खाणीच्या गावचा आइस हॉकीपटू, किशोरवयातच मधुमेही. व्यावसायिक संघ त्याला घ्यायला बिचकत होते. तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने, पॅट गिनेलने, त्याला अमेरिकेत मेयो क्लिनिकला नेलं आणि डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलं की हा काळजी घेईल तर खेळू शकतो. तरीही १९६९ च्या निवडीत पहिल्या फेरीत त्याला कोणी घेतलं नाही; फिलाडेल्फिया फ्लायर्सने सतराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्याच नेतृत्वाखाली फ्लायर्सने १९७४ आणि १९७५ असा लागोपाठ दोनदा स्टॅनले कप जिंकला. तेव्हा सेन्सर नव्हते, आजच्यासारखी इन्सुलिनंही नव्हती.

“तो प्रशिक्षकही डॉक्टर नव्हता, सर. तो फक्त सोबत गेला.”

हे मात्र लागलं असावं. सर बराच वेळ मैदानाकडे बघतात. मुलगी पलीकडच्या खांबाशी एकटीच सूर मारण्याचा सराव करते आहे. तिच्याबद्दल एवढं बोलणं चाललंय आणि तिला अजून कोणी काही विचारलेलं नाही, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आलेली दिसत नाही.

“बरं, समजा मी मंगळवारी तुमच्याबरोबर डॉक्टरांकडे आलो,” सर शेवटी म्हणतात. “मला काय काय यायला हवं, ते सांगा.”

इथून पुढचं बोलणं वादाचं कमी आणि कामाचं जास्त आहे. टाइप वन आणि व्यायाम या विषयावर २०१७ साली लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांचं एकमताचं मार्गदर्शन छापून आलं. आईच्या वहीतले आकडे तिथून डॉक्टरांकडे आणि डॉक्टरांकडून तिच्याकडे आले आहेत. मैदानात उतरताना साखर साधारण १२६ ते १८० असावी. ९० च्या खाली असेल तर आधी १० ते २० ग्रॅम ग्लुकोज, थांबणं, पुन्हा तपासणं, मगच खेळ. २७० च्या वर असेल तर रक्तात किटोन आहेत का ते बघायचं.

“जास्त असली तर पळून जिरेल की,” सर म्हणतात. महाराष्ट्रातले निम्मे लोक हेच म्हणतील.

जिरत नाही. साखर वाढलीय ती इन्सुलिन कमी पडल्यामुळे असेल, तर शरीर चरबी जाळायला घेतं, किटोन वाढतात आणि पळण्याने दोन्ही आणखी चढतात. उलट्या, पोटदुखी, दम लागणं, मग थेट रुग्णालय. अशा वेळी बसवायचंच. मुलींच्या पाळीच्या आधीच्या दिवसांत इन्सुलिनची गरज बऱ्याचदा वाढते, हेही आई सांगते. सर “बाईंना सांगा ते” म्हणत बूट झटकू लागतात. बाईंना सांगितलं पाहिजे, हे खरंच.

“आणि उतरली तर? मी बॅगेत चॉकलेट ठेवतो.”

“चॉकलेट नको. त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला उशीर लागतो. ग्लुकॉन-डी, नाहीतर साधी साखर तीन चमचे पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमी असेल तर पुन्हा तेवढंच.”

“बेशुद्ध पडली तर तोंडात साखर घालायची?”

“मुळीच नाही. श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी दिलेलं ग्लुकॅगॉन असेल आणि टोचायला येत असेल तर टोचायचं, आणि गाडी. तुम्ही माझ्या फोनची वाट बघायची नाही.”

मे महिन्यात टेम्पोच्या टपावर ठेवलेल्या बॅगेतलं इन्सुलिन उकळून निकामी होतं, म्हणून पेन ओल्या पिशवीत, अंगाजवळ. खुद्द वसीम अक्रमलाही २०१९ मध्ये मँचेस्टरच्या विमानतळावर थंड पिशवीतलं इन्सुलिन काढून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकायला लावलं होतं आणि त्याने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. एवढ्या मोठ्या माणसाची ही कथा, मग शाळेच्या वर्गात सोळा पिशव्यांत ठेवलेल्या एका पेनाची काळजी कोणी तरी घ्यायलाच हवी.

आता एकच कलम राहतं, आणि तिथे आई अडते. सरांनी वही उलटीपालटी करताना ते वाचलं आहे. आधीच्या चोवीस तासांत साखर इतकी उतरली असेल की दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी लागली, तर खेळायचं नाही. एकदा अशी घसरण झाली की शरीराचे इशारे पुढच्या वेळी बोथट होतात. पुढची घसरण न सांगता येते.

“रात्री मुक्कामात असं झालं आणि सकाळी अंतिम सामना असला, तर?” सर विचारतात.

“साखर सकाळी नीट असेल तर... तपासून तपासून खेळवता येईल ना?”

“कोणाची मदत लागली असेल तर नाही.”

“सर, तिने वर्षभर त्याच सामन्यासाठी घाम गाळलेला असेल.”

“असेल. तुम्ही दिलेल्या वहीतच लिहिलंय, ताई. ती बाकावर बसेल. आणि हे तिला आत्ताच सांगायचं, त्या सकाळी नाही. त्या सकाळी ती रडेल, तुम्ही फोनवर रडाल, आणि मी पाघळेन.”

आईला हे पटायला वेळ लागतो. पटतं असंही म्हणता येणार नाही. ती मान डोलावते. पण या मुद्द्यावर सर बरोबर आहेत, आणि वाचकालाही तेच सांगायला हवं. मधुमेही मुलांना खेळू द्या म्हणणाऱ्यांनी त्यांना कधी बसवायचं हे ठरवलं नाही, तर पहिल्याच अपघातानंतर सगळ्यांनाच बसवलं जाईल.

संघातल्या मुलींना सांगायचं की नाही, यावर मात्र शेवटपर्यंत एकमत होत नाही. सर म्हणतात, रात्री शेजारी झोपणारीला माहीत हवं तर सगळ्यांनाच कळू दे, लपवाछपवी नको. आई म्हणते, गाव लहान आहे, उद्या हीच गोष्ट स्थळ बघताना पुढे येईल. दोघांचंही खरं आहे. हे ठरवण्याचा हक्क मुलीचा आहे, आणि तिला हाक मारायला आता सर उठतात.

विभागीय स्पर्धेच्या यादीत तिचं नाव राहिलं.

हा लेख वाचणाऱ्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. सीबीएसईने २०१७ मध्येच टाइप वनच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि पाणी सोबत नेण्याची परवानगी दिली. परीक्षेच्या वर्गात जे चालतं ते मैदानाच्या कडेला चालायला हरकत नाही. आपल्या प्रथमोपचार पेटीत दुखण्यावरचा स्प्रे, कापूस, आयोडीन आणि क्रेप बँडेज असतं. पुढच्या स्पर्धेला निघण्यापूर्वी त्यात ग्लुकोजचा एक डबा, एक चमचा आणि चालू स्थितीतला ग्लुकोमीटर टाका. आणि प्रवेशिकेसोबतच्या वैद्यकीय दाखल्यावर ‘तंदुरुस्त’ असं लिहून घेण्याआधी खेळाडूला एकटीला बाजूला घेऊन विचारा, तुला काही औषध चालू आहे का. ती खरं सांगेल, जर तुम्ही आधी हेही सांगितलंत की त्यामुळे तिचं नाव कापलं जाणार नाही.